मेंदू मानेपाशी संपत नाही

मेंदूचं चित्र काढायला सांगितलं, की आपण कवटीच्या आतला सुरकुतलेला गोळा काढतो आणि पेन्सिल खाली ठेवतो. त्या गोळ्याखालून निघून पाठीच्या कण्यातून थेट कमरेपर्यंत उतरणारा मज्जारज्जू चित्रात येतच नाही. आलाच तर मेंदूचे हुकूम हातापायांकडे नेणारी एक तार म्हणून येतो. वैद्यकशास्त्र मात्र या दोघांना मध्यवर्ती चेतासंस्था या एकाच नावाखाली घेतं, आणि ते योग्यच आहे. दोघांचा जन्म एकत्र होतो. दोघांवर तीच तीन आवरणं असतात, दोघं एकाच द्रवात बुडालेले असतात, आणि झालेली मोडतोड भरून न येण्याचं दुर्दैवही दोघांच्या वाट्याला सारखंच आलेलं आहे. या प्रकरणात मी मेंदूपेक्षा मज्जारज्जूला जास्त जागा देणार आहे. त्याच्याकडे आपलं फार दुर्लक्ष झालं आहे, आणि त्या अज्ञानाची किंमत अपघातात पडलेल्या माणसाला अनेकदा आयुष्यभर मोजावी लागते.

गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या पाठीवर पेशींचा एक चपटा पट्टा असतो. या पट्ट्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात, मधोमध जुळतात आणि एक बारीक नळी तयार होते. गर्भधारणेपासून साधारण २८ व्या दिवसापर्यंत नळीची दोन्ही तोंडं मिटलेली असतात. तिचं वरचं टोक फुगत, वळत मेंदू होतं. उरलेल्या लांबीचा मज्जारज्जू होतो. खालचा भाग नीट मिटला नाही, तर बाळ पाठीवर उघडा राहिलेला कणा घेऊन जन्माला येतं. डॉक्टर त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. या २८ दिवसांत बऱ्याच बायकांना दिवस राहिल्याचं कळलेलंही नसतं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९९१ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर केले. आधी असं मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तर पुढच्या बाळाला हा दोष होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटतं, असं त्यात दिसलं. आपल्याकडे ही गोळी अनेकदा दवाखान्यात नाव घातल्यावर सुरू होते. तोवर नळी मिटायची ती मिटलेली असते, राहायची ती राहून गेलेली असते. मूल हवं असं ठरलं, की डॉक्टरांना विचारून गोळी त्याच दिवशी सुरू करावी.

आता कवटीतला भाग. प्रौढ माणसाचा मेंदू १३०० ते १४०० ग्रॅम भरतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा दोन टक्के, पण आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. मेंदूत चेतापेशी किती, याचा आकडा बरीच वर्षं ढोबळमानाने १०० अब्ज असा सांगितला जायचा. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांनी मेंदूचा ऊतक विरघळवून त्यातली पेशीकेंद्रकं मोजण्याची पद्धत काढली, आणि २००९ साली आकडा ८६ अब्जांवर आला. त्यातल्या सुमारे ६९ अब्ज पेशी डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत निघाल्या. वजनाने तो सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्शाएवढाच. विचार, भाषा, स्मृती यांचं श्रेय ज्याला मिळतं त्या मोठ्या मेंदूच्या बाह्यपटलात १६ अब्जच. सुईत दोरा ओवणं, तोल सांभाळणं, शब्द अडखळू न देता बोलणं या कामांचा मेळ लहान मेंदू घालतो, आणि त्या मेळासाठी किती मनुष्यबळ लागतं हे या मोजणीने दाखवून दिलं. दोन्ही मेंदूंच्या खाली मस्तिष्कस्तंभ आहे. श्वास, हृदयाचे ठोके, रक्तदाब, गिळणं, जागं राहणं ही कामं तिथून चालतात. कवटीच्या तळाला असलेल्या मोठ्या भोकातून तो बाहेर पडतो, आणि तिथून पुढे त्यालाच मज्जारज्जू म्हणतात. दोघांच्या मध्ये सीमा दाखवणारं काहीही नाही.

मज्जारज्जू ४२ ते ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि साधारण करंगळीइतका जाड. वजन ३५ ग्रॅमच्या आसपास. हातांच्या आणि पायांच्या नसा जिथून निघतात त्या दोन ठिकाणी, मानेत आणि पाठीच्या खालच्या भागात, तो थोडा फुगीर असतो. आडवा छेद घेतला तर मध्ये करड्या रंगाची, एच अक्षरासारखी आकृती दिसते. हा चेतापेशींचा भाग. भोवती पांढरा भाग, म्हणजे वर-खाली धावणारे तंतू. मेंदूत याच्या उलट: करडा बाहेर, पांढरा आत. मज्जारज्जूतून दोन्ही बाजूंना मिळून नसांच्या ३१ जोड्या निघतात. प्रत्येक नसेला दोन मुळं असतात. मागच्या मुळातून संवेदना आत येतात, पुढच्या मुळातून हालचालीचे आदेश बाहेर जातात. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा माझांदी यांनी १८२२ साली कुत्र्याच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून हे स्पष्ट केलं.

पाठीचा कणा आणि मज्जारज्जू हे एकच, असं अनेकांना वाटतं. कणा म्हणजे हाडांची रचना. तिच्या आतल्या पोकळीत मज्जारज्जू असतो, पण तो पोकळीच्या तळापर्यंत पोचत नाही. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत दोघांची लांबी सारखी असते. पुढे कणा भराभर वाढतो आणि मज्जारज्जू मागे पडतो. प्रौढ वयात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखालच्या पोकळीत खालच्या नसांची लांब मुळं सुटी लोंबत असतात, आणि शरीरशास्त्रात त्यांना ‘घोड्याची शेपटी’ याच अर्थाचं लॅटिन नाव आहे.

ही गोष्ट माहीत असली की दोन भीती कमी होतात. पहिली, सिझेरियनच्या वेळी पाठीत देतात त्या इंजेक्शनची. ‘मणक्यात सुई घेतली तेव्हापासून पाठ धरली’ हे वाक्य प्रत्येक घरात एखादी तरी काकू किंवा मावशी बोलते. ती सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मधून जाते. तिथे मज्जारज्जू नसतोच. द्रवात तरंगणारी मुळं असतात आणि ती सुईच्या टोकापासून सहसा बाजूला सरकतात. जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये ही भूल पहिल्यांदा वापरली आणि लगेच स्वतःवर व आपल्या साहाय्यकावर तिचा प्रयोग केला. द्रव गळाल्यामुळे त्या दोघांचंही डोकं दुखलं. आज सुया बारीक आहेत, तरी काही जणींना काही दिवस तशी डोकेदुखी होते. सुई टोचलेली जागाही थोडे दिवस ठणकते. पण वर्षानुवर्षांच्या पाठदुखीचा त्या सुईशी संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. गरोदरपणात कंबरेवर आलेला ताण आणि नंतर बाळाला घेऊन वाकणं, उचलणं ही त्याची जास्त खरी कारणं आहेत.

दुसरी भीती ‘मणक्यात गॅप आहे’ या निदानाची. बहुतेक वेळा ही गडबड कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या जवळ असते. तिथे सरकलेली चकती एखाद्या मुळावर दाब देते, म्हणून कळ पायात उतरते. मज्जारज्जू त्याच्या बराच वर सुरक्षित असतो. मात्र कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा सुटला, किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर ‘घोड्याची शेपटी’ चेपली गेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळपर्यंतही थांबू नये. काही तासांच्या उशिराने त्या नसा कायमच्या जाऊ शकतात.

आता या रचनेतून निरोप कसा जातो ते पाहू. पायाचा अंगठा हलवायचा असं मनात आलं, की मोठ्या मेंदूच्या वरच्या पटलातली एक पेशी आपला तंतू थेट कमरेजवळच्या मज्जारज्जूपर्यंत पाठवते. तिथे ती दुसऱ्या पेशीला निरोप देते, आणि त्या दुसऱ्या पेशीचा तंतू जवळजवळ मीटरभर अंतर कापून पायाच्या स्नायूपर्यंत जातो. इच्छा आणि अंगठा यांच्यामध्ये कमीत कमी दोनच पेशी असतात. उलट दिशेचा प्रवास तर आणखी थक्क करणारा आहे. अंगठ्याला झालेल्या हलक्या स्पर्शाची खबर एकच पेशी अंगठ्यापासून मस्तिष्कस्तंभापर्यंत नेते. उंच माणसात त्या एका पेशीची लांबी दीड मीटरहून अधिक भरते. आपल्या शरीरात इतकी लांब पेशी दुसरी नाही.

हे तंतू वाटेत बाजू बदलतात, आणि सगळे एकाच जागी बदलत नाहीत. हालचालीचे बहुतेक तंतू मस्तिष्कस्तंभाच्या तळाशी एकमेकांना छेदतात, म्हणून मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला की डावा हात-पाय लुळा पडतो. स्पर्शाची आणि सांध्यांच्या स्थितीची खबर नेणारे तंतू त्याच बाजूने वर चढतात आणि मस्तिष्कस्तंभात पोचल्यावरच पलीकडे जातात. वेदना आणि उष्णता यांचे तंतू मात्र मज्जारज्जूत शिरल्या शिरल्या पलीकडे जातात. मॉरिशसमध्ये जन्मलेले शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार यांनी १८५० च्या सुमारास दाखवून दिलं, की मज्जारज्जूचा अर्धाच भाग कापला गेला तर विचित्र विभागणी होते. समजा पाठीच्या मधल्या भागात उजवी बाजू तुटली. उजवा पाय हलत नाही, आणि डोळे मिटल्यावर तो कुठल्या स्थितीत आहे हे कळत नाही, पण त्याला टोचलेली सुई आणि चटका दोन्ही कळतात. डावा पाय व्यवस्थित हलतो, पण त्यावर गरम पाणी पडलं तरी कळत नाही. आजही डॉक्टर सुई, कापूस आणि कंप पावणारा चिमटा एवढ्या साध्या साधनांनी, नुसत्या तपासणीवरून, इजा कुठल्या पातळीवर आणि कुठल्या बाजूला आहे याचा बराच अंदाज बांधू शकतात. मला एमआरआयच्या चित्रांपेक्षाही हे जास्त विलक्षण वाटतं.

मज्जारज्जू निरोप्याचंच काम करत असता, तर इथवरचं पुरेसं होतं. पण तो स्वतः निर्णय घेतो. अनवाणी चालताना बाभळीचा काटा तळव्यात शिरला असं समजा. क्षणार्धात तो पाय गुडघ्यात आणि मांडीत दुमडून वर येतो. त्यासाठी दुमडणारे स्नायू आवळले जातात आणि त्यांच्या विरुद्ध ओढणारे सैल सोडले जातात. त्याच वेळी दुसरा पाय ताठ होतो, नाहीतर आपण तिथेच कोसळलो असतो. कमरेचे स्नायू तोल सावरतात. ही सगळी जुळणी कमरेजवळच्या मज्जारज्जूने केलेली असते. मेंदूला खबर नंतर मिळते, आणि ‘आई गं’ त्याच्याही नंतर तोंडातून निघतं. एका पेशीसमूहाला चालना देताना विरुद्ध समूहाला रोखून धरण्याची ही युक्ती चार्ल्स शेरिंग्टन यांनी अनेक वर्षं प्रयोग करून उलगडली. त्यासाठी त्यांना १९३२ चं नोबेल पारितोषिक एडगर एड्रियन यांच्याबरोबर मिळालं.

मेंदू हा निर्णय फिरवूही शकतो. कडेवर मूल असेल तर काटा रुतला तरी बाई पाय झटकत नाही, दात आवळून उभी राहते. मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवर मेंदूचा सतत एक दाब असतो, तो हवा तेव्हा वाढवता किंवा घटवता येतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हा पाय उडालाच नाही, तर ते रुग्णाला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगतात. लक्ष आणि ताकद हातांकडे वळली की तोच पाय सहज उडतो. वेदनेचंही तसंच आहे. कोपर आपटलं की आपण ते नकळत चोळतो. चोळण्याच्या स्पर्शाने मज्जारज्जूच्या मागच्या भागात वेदनेच्या निरोपाला अडसर घातला जातो, असं रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं. त्यांच्या सिद्धांतातले तपशील पुढे बदलले. वेदना मेंदूत पोचण्याआधीच मज्जारज्जूत ती कमीजास्त होते, ही मूळ कल्पना टिकून आहे.

चालणंसुद्धा बरंचसं त्याचंच. थॉमस ग्रॅहॅम ब्राउन यांनी १९११ मध्ये मज्जारज्जू छेदलेल्या, पायांकडून येणाऱ्या संवेदनाही तोडलेल्या मांजरांत पाहिलं, की पाय पुढे-मागे टाकण्याची लय तरीही उमटते. चालायचं की नाही, कुठे आणि किती वेगाने हे मेंदू ठरवतो. पाऊल उचल, टेक, दुसरं उचल ही लय खालीच तयार असते. लघवीचंही केंद्र मज्जारज्जूच्या शेपटाकडच्या भागात आहे. तान्ह्या बाळात मूत्राशय भरलं की हे केंद्र ते आपोआप मोकळं करतं. दोन-तीन वर्षांच्या वयात मेंदू त्यावर ताबा मिळवायला शिकतो. मज्जारज्जू तुटला की हा ताबा जातो आणि जुनी आपोआप चालणारी क्रिया उरते, तीही अर्धवट आणि बेभरवशाची. इजा अगदी शेपटाकडच्या भागालाच झाली, तर तीही राहत नाही.

इजा नेमक्या कुठल्या पातळीवर झाली यावर पुढचं सगळं आयुष्य ठरतं. श्वासपटलाची नस मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या खंडातून निघते. त्याच्या वर तुटलं तर माणूस स्वतः श्वास घेऊ शकत नाही. पाचवा खंड शाबूत असेल तर कोपर दुमडता येतं. सहावा असेल तर मनगट वर उचलता येतं, आणि मनगट उचललं की बोटं आपोआप थोडी मिटतात. त्या आधारावर पेला धरता येतो. सातवा शाबूत असेल तर कोपर ताठ करता येतं. ऐकायला हे क्षुल्लक वाटेल. पण कोपर ताठ करता येणारा माणूस हातांवर अंग तोलून पलंगावरून चाकांच्या खुर्चीत स्वतः सरकू शकतो. न येणाऱ्याला त्यासाठी बहुधा दुसऱ्याचे हात लागतात. या दोन खंडांत अंतर आहे दीड सेंटिमीटरच्या आत.

म्हणून जखमी माणसाला उचलण्याची आपली पद्धत पाहिली की जीव कळवळतो. कोकणात आंब्या-नारळावरून, देशावर विहिरीच्या काठावरून, शहरात बांधकामाच्या परांचीवरून आणि सगळीकडेच मोटारसायकलवरून माणसं पडतात. चार जण धावत येतात, दोघं खांदे धरतात, दोघं पाय, आणि त्याचं मुटकुळं करून रिक्षात कोंबतात. हेतू चांगलाच असतो. पण मोडलेला मणका अशा दुमडण्याने सरकतो, आणि तोवर धड असलेला मज्जारज्जू त्या वेळी चिरडला जाऊ शकतो. आग, पाणी किंवा वाहनांचा तातडीचा धोका नसेल तर त्याला हलवू नये, बसतं करू नये. १०८ ला फोन करावा. एकाने डोकं दोन्ही हातांनी कण्याच्या रेषेत स्थिर धरून ठेवावं. हलवणं भागच असेल तर डोकं, खांदे, कंबर आणि पाय एकदम, एका सरळ रेषेत कुशीवर वळवून फळीवर घ्यावं. फळी नसेल तर दाराची झडप काढून आणावी. हे प्रत्येक गावातल्या चार तरुणांना नीट शिकवायला तासभरही पुरतो.

ही इजा असाध्य आहे हे माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक होतं. इ.स.पूर्व १६०० च्या सुमाराच्या एका इजिप्शियन पपायरसात ४८ जखमींची वर्णनं आहेत. त्यात मानेचा मणका निखळून हातापायांची जाणीव गेलेला, नकळत लघवी गळणारा एक रुग्ण आहे. वैद्याचा निर्णय असा, की यावर उपचार करायचा नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत परिस्थिती फारशी बदललेली नव्हती. मज्जारज्जू तुटलेली माणसं सहसा शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. जर्मनीतून निर्वासित होऊन इंग्लंडला आलेले लुडविग गुटमन यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल इथे अशा जवानांसाठी वॉर्ड उघडला. दिवसरात्र दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची, मूत्राशयाची काटेकोर निगा राखायची, आणि लवकरात लवकर त्यांना खेळाला व कामाला लावायचं, हा त्यांचा क्रम. जुलै १९४८ मध्ये, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांच्या १६ रुग्णांनी तिरंदाजीची स्पर्धा केली. तिथूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर त्याच वाटेने गेले. लष्करात मुष्टियोद्धा असलेले पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळवलं. भारताचं हे पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. १९७४ पासून पुण्याजवळ खडकीत अशा जखमी जवानांसाठी पुनर्वसन केंद्र चालू आहे. तिथे आणि इतरत्रही या रुग्णांना आयुर्मान मिळवून दिलं ते मुख्यतः कूस बदलणाऱ्या, त्वचा तपासणाऱ्या, नळी स्वच्छ ठेवणाऱ्या परिचारकांनी आणि घरच्यांनी. शस्त्रक्रियेइतकाच मान त्या कामाला मिळायला हवा.

हाताची कापलेली नस पुन्हा वाढते, मज्जारज्जूतला तंतू का वाढत नाही? मॉन्ट्रियलमध्ये अल्बर्ट अग्वायो आणि सॅम्युएल डेव्हिड यांनी १९८१ मध्ये उंदरांच्या मज्जारज्जूला पायातल्या नसेचा तुकडा जोडला, तेव्हा मज्जारज्जूतले तंतू त्या तुकड्यातून सेंटिमीटरच्या सेंटिमीटर वाढत गेले. पलीकडे पुन्हा मज्जारज्जूत शिरताच ते थांबले. वाढण्याची ताकद तंतूत काही प्रमाणात शिल्लक होती, भोवतालचा ऊतक तिला अडवत होता. तो अडथळा दूर करण्याचे प्रयत्न तेव्हापासून चालू आहेत.

दुसरी वाट खालच्या अंगाला शाबूत उरलेल्या मज्जारज्जूची. चालण्याची लय तिथे आहेच, तिला चालना मिळत नाही एवढंच. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या एका माणसावरच्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सायकलच्या अपघातात मानेला इजा होऊन त्याला बारा वर्षं होत आली होती. मेंदूच्या पृष्ठभागावर बसवलेल्या उपकरणांनी त्याचा चालण्याचा हेतू टिपला, आणि कमरेजवळच्या मज्जारज्जूवर बसवलेल्या विद्युत्-पट्टीने त्याप्रमाणे स्पंदनं दिली. तो उभा राहिला, चालला, जिना चढला. त्याच्या मज्जारज्जूत काही तंतू वाचलेले होते, त्यामुळे हे यश मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या प्रत्येकाला जसंच्या तसं लागू करता येणार नाही. मात्र काही काळ असा सराव केल्यावर, सगळी यंत्रणा बंद ठेवूनही तो कुबड्या घेऊन चालू शकत होता. वाचलेल्या तंतूंनी आपलं काम पुन्हा कसं हाती घेतलं, याचा शोध आता लोझानमध्ये आणि इतर प्रयोगशाळांत घेतला जात आहे.